गोठ्यातली जुनी सायकल पोट्ट्यांना बसवण्यालायक कशी करायची

आम्ही शेतातच राहतो, शाळा न अंगणवाडी गावात, तीन किलोमीटर, त्यातलं दोन पांदण रस्त्याचं आणि एक डांबरी. पोरगी दुसरीत, पोरगा अंगणवाडीत. गाडी एकच, ती भाऊ घेऊन जाते. मागच्या उन्हाळ्यात बाबांची २४ इंची फ्रेमची काळी ॲटलस सायकल गोठ्याच्या आड्याला टांगली होती ती खाली उतरवली अन दीड महिना लागून तयार केली, आता रोज दोन्ही लेकरं तिच्यावरच जातात, न बाजाराच्या दिवशी बायको भाजीपाला घेऊन येते. गावातले दोघं-तिघं विचारून राहिले की कसं केलं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बहुतेक लोकं इथंच चुकतात. जुनी सायकल काढली की आपण पहिले रंगवायला नेतो. रंग शेवटी, अन पैसे उरले तरच. लेकरू बसणार असेल तर पैसा पहिले ब्रेकमध्ये, मग चाकात, मग लेकराच्या पायाच्या जाळीत. बाबांच्या सायकलवर मागे बसलेल्या माझ्या लहान बहिणीची टाच मागच्या चाकात गेली होती, ती पाच वर्षांची होती, मी आठचा, धावत मागे येत होतो. तारांमध्ये पाय अडकला की चाक थांबत नाही, पाय आत ओढते. टाचेचं कातडं सोलून निघालं न दीड महिना तिला उचलून न्यावं लागलं. ती खूण तिच्या पायावर अजून आहे. म्हणून सायकल चकाचक दिसते का नाही हे मी शेवटी पाहतो.

पहिले फ्रेम तपासा. बाकी सगळे पार्ट मिळतात, फ्रेम गेली असेल तर तिथंच सोडून द्या. ओल्या कपड्यानं पुसून उन्हात धरा आणि सांधे पाहा, हँडलखाली, सीटखाली, पायडलच्या एक्सलजवळ (दोन्ही पायडल ज्यावर फिरतात तो मधला एक्सल). रंगावर केसासारखी बारीक गंजाची रेष दिसली तर तिथं नखानं खरडा, रेष आत जात असेल तर ती चीर आहे, त्यावर वेल्डिंग मारून लेकरू बसवू नका. मग सुतळीची परीक्षा. मागच्या चाकाचा एक्सल जिथं बसते त्या एका बाजूच्या खाचेला सुतळी बांधायची, हँडलखालच्या उभ्या पाईपाला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणायची, आता सीटच्या पाईपापासून दोन्हीकडची सुतळी किती अंतरावर आहे ते मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ, एखाद्या सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक चालते. माझ्या सायकलीत फरक नव्हता पण पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकलेला निघाला, बाबा कधीतरी बंडीला धडकले असतील. बाजूनं उभं राहून पाहिलं की हँडलखालचा पाईप न चिमट्याचा वरचा सरळ भाग एका रेषेत दिसला पाहिजे. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ठोकून सरळ करून देतो." मी नाही म्हटलं न नवा चिमटा टाकला. एकदा वाकलेलं लोखंड परत सरळ केलं की ते तिथंच कमजोर होते, आणि चिमटा तुटला की समोर बसलेलं लेकरू पहिले तोंडावर पडते.

आता पार्ट मिळतील का हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तो नेमका जागतिक सायकल दिवस होता. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेली कंपनी, आपल्या इकडे अर्ध्या गावाकडे तीच सायकल होती. पण पार्टाची काळजी नको. हिरो, ॲव्हॉन, हर्क्युलस, ॲटलस, या सगळ्या काळ्या सायकली जवळपास एकाच मापाच्या आहेत अन लुधियान्याहून माल अजून येते. टायर २८ बाय १½, चैन अर्धा इंची जाड कड्यांची, तारा बहुतेक पुढे ३२ न मागे ४०. तरी दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या, तोंडानं माप सांगू नका.

खोलायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, ब्रेकच्या सळया कशा बसतात हे आठ दिवसांनी आठवत नाही. नट जाम असतील तर डिझेल लावून दोन रात्री राहू द्या, पहिल्याच दिवशी पाना घालून जोर केला तर नटाचे कोपरे गोल होतात. डाव्या पायाच्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर उघडते, हे माहीत नसलं की माणूस पाना मोडून बसते. पायडलच्या एक्सलचा उजवीकडचा कपही उलट्या आट्याचा असते, तो घट्ट असेल न चांगला असेल तर काढूच नका, जागेवरच पुसून ग्रीस भरा. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातांचं चक्र, काढायला वेगळा पाना लागते, त्यासाठी मिस्त्रीकडे चाक घेऊन जा, छन्नी-हातोडा लावू नका.

क्रँक म्हणजे पायडलचा दांडा, त्याला एक्सलवर पक्कं धरणारी कॉटर पिन हा सगळ्यात त्रासाचा भाग. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाबरोबर येईल इतका ढिला करायचा म्हणजे टोक चेपत नाही. क्रँकच्या खाली जाड पाईपाचा तुकडा उभा लावायचा, पिनची दुसरी बाजू पाईपाच्या पोकळीवर येईल असा, आणि एकच दणदणीत घाव. हळू हळू वीस ठोके मारले तर पिन तिथंच फुगून बसते. नवीन कॉटर घेतली तर तिचा सपाट भाग कानशीनं थोडा घासून बसवावा लागते. दोन्ही कॉटरची दिशा पाहा, उजवा क्रँक खाली असताना त्याचा नट पुढे दिसत असेल तर डावा खाली आणल्यावर त्याचाही पुढेच दिसला पाहिजे, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाही. न दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर कॉटरचा नट परत कसा. पायडल मारताना एकाच जागी टक टक आवाज आला की समजायचं कॉटर ढिली झाली, तशीच चालवली तर क्रँकचं भोक खराब होते.

आता छर्रे. चाकाच्या हबमधले (मधल्या तुंब्यातले) सगळे छर्रे काढून डिझेलमध्ये धुवा न पांढऱ्या कपड्यावर पसरवा. एक जरी काळा, खरबडा किंवा चपटा दिसला तर त्या बाजूचे सगळेच बदला, जुने-नवे मिसळू नका, कारण नवे थोडे मोठे भरतात न सगळा भार तेवढ्यांवरच येते. पुढच्या चाकात ३/१६ इंची, मागच्या चाकात अन पायडलच्या एक्सलमध्ये पाव इंची, आमच्या इकडे मिस्त्री दीड सुताचे न दोन सुताचे म्हणतात. पुढे एका बाजूला १०, मागे ९, एक्सलला ११ बसतात. कोनवर (एक्सलवरचा, छर्रे दाबून धरणारा नट) बोट फिरवा, नखाला खड्डा लागला तर कोन बदलायचा, तो फार महाग नाही. ग्रीस भरताना कंजूसी करू नका, आपल्या पांदणीची धूळ सगळीकडे जाते.

कोन कसायचं जमलं की अर्धी सायकल जमली. घट्ट कसला तर चाक जड फिरते, ढिला ठेवला तर चाक डावी-उजवीकडे हलते. चाक बसवून उचलून धरा, वालचं (हवा भरायच्या नळीचं) तोंड आडव्या बाजूला आणा आणि सोडा, चाक आपोआप फिरून वाल खाली येऊन दोन-तीनदा झुलला पाहिजे. मग रिम धरून आडवी हलवा, खेळ जाणवला नाही पाहिजे. दोन्ही जमेपर्यंत पाव पाव आटा फिरवत राहायचं. मला पहिल्या चाकाला पाऊण तास लागला, पोरगा बाजूला बसून वालकडे बोट दाखवत होता, "बाबा, खाली आला, खाली आला."

तारा हातानं दोन-दोन एकत्र दाबून पाहा, ढिली असली तर लगेच कळते. गंजलेल्या न वाकलेल्या बदलून घ्या, विशेष करून मागच्या चाकाच्या, कारण आपलं वजन न लेकराचं वजन दोन्ही तिथंच येते. आऊट काढायचं, म्हणजे डगमगणारं चाक तारा कसून सरळ करायचं काम मिस्त्रीला द्या, ते त्याचं हातचं काम आहे. रिमच्या आत तारांच्या टोकांवर पट्टी घातल्याशिवाय ट्यूब चढवायची नाही.

आता ब्रेक, यावर जास्त लिहितो. रॉड ब्रेकमध्ये रबरं रिमच्या बाजूला नाही तर आतल्या तोंडाला लागतात, म्हणून या रिमवर गियरच्या सायकलीचे चिमट्यासारखे ब्रेक बसवायचा विचार सोडून द्या, रिमला सपाट बाजूच नसते. चारी रबरं नवीन घ्या. रबराच्या घराला एक तोंड उघडं असते न एक बंद, चाक ज्या दिशेनं फिरते त्या दिशेला बंद तोंड आलं पाहिजे. उलटं बसवलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर रबर सरकून बाहेर पडते न ब्रेक राहतच नाही, हे मी एका पोट्ट्याच्या सायकलीवर स्वतः पाहिलं, उतारावर. सळयांचे सांधे, स्प्रिंग, सगळे नट तपासा, सांध्यात एक एक थेंब ऑइल टाका पण रिमला एक थेंबही लागू देऊ नका. ब्रेक न दाबता चाक फिरवल्यावर रबर घासलं नाही पाहिजे, आणि दाबल्यावर चाक लगेच थांबलं पाहिजे. पुढचा न मागचा दोन्ही ब्रेक चालू पाहिजेत, फक्त मागचा आहे म्हणून लेकरू बसवायचं नाही.

अन पावसात हे लक्षात ठेवा की ओल्या लोखंडी रिमवर रबर घसरते, ब्रेक लागायला फार वेळ लागते. मी रिमझिम असली तरी मधेमधे हलका ब्रेक दाबून रिम पुसत जातो न उतार आला की खाली उतरतो, लेकरं बसूनच राहतात, मी सायकल धरून चालतो.

चैन मोजायची सोपी पद्धत आहे. नव्या चैनीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. जुनी चैन ताणून मोजली न १२ इंच एक सूत भरली तर ती गेली, तिनं फ्रीव्हीलचे दातही खाल्ले असतील, दोन्ही सोबत बदला. नाही बदलले तर जोर लावताना चैन दातावरून घसरते, आपण नेमका जोर तेव्हाच लावतो जेव्हा नाल्याचा चढ असते न मागे लेकरू असते. फ्रीव्हील बदलत असाल तर १८ दातांच्या जागी २० दातांचं मागा, वजन घेऊन चढ चढताना पायाला बराच आराम पडते, वेग थोडा कमी होते पण आपल्याला शर्यत लावायची नाही. चैन एक-दोन कड्या लांब लागेल. बसवल्यावर मधोमध वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे, जास्त ताणू नका. पूर्ण चैनकव्हर असू द्या, साडी, सलवार, लेकराचा पाय, सगळं तिथंच जाते.

लेकरू कुठं बसवायचं यावर आधी डोकं लावा, मगच सीट बनवा. मागे लेकरू बसलं की आपल्याला पाय मागून टाकता येत नाही, लेकराला लागते. दांडीच्या सायकलीवर मग दांडीवरून पाय पुढून टाकावा लागते, आणि २४ इंची फ्रेमवर साधारण उंचीच्या माणसाला हे जमत नाही, सायकल तिरपी करावी लागते न तिरपी केली की मागचं लेकरू कलंडते. मी काय करतो तर पहिले स्वतः सीटच्या पुढे उतरून दांडी दोन पायात घेऊन उभा राहतो, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक दाबलेले, मग बायको आधी पोरीला मागे बसवते, मग पोराला समोर. शाळेसमोर पोरगी ओट्यावरून चढते. उतरताना उलटं, पहिले लेकरं, मग मी. स्टँडवर सायकल लावून त्यावर लेकरू बसवून दार लावायला जाऊ नका, असं कधीच करू नका. एका पायाचा स्टँड असेल तर काढून टाका, दोन पायाचा रुंद स्टँड लावा.

ज्यांना नवीनच शोधायची आहे त्यांनी २२ इंची फ्रेमची किंवा सरळ लेडीज सायकल पाहावी. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळतात, पोरगी बारावी झाली की बऱ्याच घरी त्या पडून राहतात. दांडी नसल्यानं चढ-उतार एकदम सोपी, घरातल्या बाईलाही चालवता येते, अन ज्या घरात लेकरं रोज मायच नेते तिथं माझ्या मते हीच घ्या, बाबांच्या सायकलीचा जीव कितीही लागला असला तरी.

मागचं कॅरिअर बाजारातलं पातळ असते, ते कापसाच्या गाठोड्यासाठी ठीक. मी वेल्डिंगवाल्याकडून जाड सळईचं करून घेतलं, त्याला मागून पाठ टेकायला आडवी पट्टी, बाजूला धरायला मूठ, कमरेला पट्टा. कॅरिअरचे पाय एक्सलला वायसर घालून, वरून चेकनट. कंपनीची बेबी सीट घेतली तर तिच्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, मागच्या सीटची बहुतेक २२ किलो, समोरच्याची १५. त्याच्या वर गेलं लेकरू की सीट बदला. वर्षाच्या आतलं लेकरू तर बसवूच नका, मान न कंबर नीट सावरता आली पाहिजे, आपल्या रस्त्यांवर मी दोन वर्षांच्या आधी बसवत नाही.

आता पायाची जाळी. पाय ठेवायला पायदान नसलं की लेकराचे पाय लोंबतात, झोप लागली की आत जातात, शाळेतून येताना उन्हात लेकरू झोपतेच. म्हणून दोन्ही बाजूला पायदान, टाचेला मागून आडवी पट्टी असलेलं, आणि मडगार्डपासून एक्सलपर्यंत दोन्हीकडून बारीक भोकाची लोखंडी जाळी. जाळीच्या भोकातून लेकराचं बोट गेलं नाही पाहिजे, हे मापाचं काम स्वतःच्या हातानं करून पाहा. कापलेल्या जाळीच्या कडा दुमडून घ्या नाहीतर त्याच पायाला लागतात. समोर दांडीवर बसणाऱ्या लेकरासाठीही तिरप्या पाईपाला पायदान लागते, त्याचे पाय पुढच्या चाकाजवळ असतात.

एक जागा कोणी सांगत नाही, ती म्हणजे आपल्या सीटच्या खालच्या स्प्रिंगा. मागे बसलेलं लेकरू पडू नये म्हणून सीटच्या खालीच हात घालून धरते, आपण खड्ड्यात दाबलो की स्प्रिंग बोट चिमटते. पोरीनं पहिल्याच दिवशी हात झटकला न रडली. तेव्हापासून जुन्या ट्यूबचा तुकडा कापून स्प्रिंगांभोवती तारेनं घट्ट बांधला. ओढणी, स्वेटरची लेस, दप्तराचा लोंबता पट्टा, निघायच्या आधी हात फिरवून पाहायचं. डोक्याला हेल्मेट, छोट्या मापाचं, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका पट्टा.

लेकरू बसवायच्या आधी तुरीच्या डाळीचं २० किलोचं पोतं मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून शाळेपर्यंत जाऊन या. उतारावर दोन्ही ब्रेक दाबून पाहा, खड्ड्यातून न्या, मग घरी येऊन प्रत्येक नट परत कसा. माझा कॅरिअरचा उजवा नट पहिल्या फेरीतच ढिला निघाला होता.

बाभळीचे काटे न सराटे हा आपला रोजचा ताप. नवीन टायरच्या आत जुन्या टायरची तार काढून नुसती पट्टी कापून घाला, कडा घासून पातळ केलेली, नाहीतर तीच ट्यूब कापते. पंक्चर काढलं की टायरच्या आतून बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवा, काटा राहिला असेल तर कापूस अडकते. हवा टायरच्या कडेवर लिहिली असते तेवढी, वजन असताना कमी हवेवर चालवलं तर टायर चिरते न रिम वाकते. मे महिन्यात सायकल उन्हात उभी करू नका, पंक्चरच्या पट्टीचं सोल्युशन सुटते. वालट्यूब दोन जास्तीच्या खिशात ठेवा.

उशिरा परतायचं असेल तर मागे लाल रिफ्लेक्टर, मागच्या मडगार्डचा खालचा भाग पांढरा रंगवा, समोर डायनामो किंवा बॅटरीचा लाईट. डांबरी रस्त्यावर कापसाच्या गाड्या रात्री फार जोरात येतात.

माझे चिमटा, चाकं, टायर, कॅरिअर धरून तीन हजाराच्या आतबाहेर गेले, मजुरी त्यात थोडीच, कारण बरंच काम घरीच केलं. रंग अजून मारला नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड न टायरच्या मधात भरून चाक जाम होते, म्हणून मडगार्ड थोडा वर उचलून बसवा, बोटभर जागा राहू द्या, अन पऱ्हाटीची एक मजबूत काडी दांडीला बांधून ठेवा चिखल काढायला. नाला भरला असेल त्या दिवशी सायकल काढत नाही. दर रविवारी चाकं फिरवून, ब्रेक दाबून, कॉटर न कॅरिअरचे नट हातानं पाहतो, पोरगी जाळीतून बोट घालून पाहते, जात नाही म्हणते, मग सोमवारी निघतो.